मासीचा कप

मे महिन्यात बडोद्याचे रस्ते दुपारी बारा ते पाच ओस पडतात. शाळांना सुट्टी, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, आणि मुलं घरात कोंडलेली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी आमच्या मागच्या गॅलरीत भातुकली मांडली गेली. माझी सहा वर्षांची लेक, शेजारच्या फ्लॅटमधला तिच्या वर्गातला मुलगा आणि खालच्या मजल्यावरची एक लहानगी. भाषा अर्धी मराठी, अर्धी गुजराती. मी आत दिवाणावर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडलो होतो. झोप येत नव्हती, म्हणून ऐकत होतो.

लेक मम्मी झाली होती. एरवी ती आपल्या आईला आईच म्हणते, पण खेळात दोन गुजराती मुलं होती, म्हणून मम्मी. शेजारच्या मुलाला तिनं पप्पा केलं आणि काम समजावून सांगितलं. "तू इथे बसायचं. हातात मोबाइल धरायचा. मी काही बोलले की 'हं' म्हणायचं."

"पछी?" त्यानं विचारलं. मग पुढे काय?

"पछी काही नाही. परत 'हं' म्हणायचं."

मला हसू आलं, आणि मग जरा ओशाळायलाही झालं. पुढची दहा मिनिटं मी माझंच घर गॅलरीतून ऐकत होतो. बायकोचं एका श्वासातलं "डबा घेतलास? बाटली? रुमाल?" माझ्या आईचं देवापाशी दिवा लावता लावता मध्येच "गॅस बंद केलास का गं?" असं विचारणं. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा आमच्याच. आमच्या कुकरची तिसरी शिट्टी पुरी होत नाही, मध्येच फुस्स करून बसते. लेकीनं ती तशीच वाजवली. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या मुलीला तिनं मासी केलं. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या बाईंना आम्ही सगळेच मासी म्हणतो. गुजरातीत मासी म्हणजे मावशी, आईची बहीण. छोटीनं उकिडवं बसून खोटी खोटी भांडी घासली, पालथी घातली. मग मम्मी म्हणाली, "मासी, चा पी लो."

खेळण्यातल्या टी-सेटमध्ये चार गुलाबी कप होते. एक मम्मीचा, एक पप्पांचा, एक आजी झालेल्या बाहुलीचा. चौथा खोक्यात तसाच पडलेला होता. लेकीनं तो घेतला नाही. ती उठून आत आली, माझ्या उशाजवळून गेली, औषधांचा खण उघडला आणि खोकल्याच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण घेऊन परत गेली. त्या झाकणात तिनं मासीला चहा ओतला.

"मने कप केम नहीं?" छोटीनं विचारलं. मला कप का नाही?

"मासीचा वेगळा असतो," लेक म्हणाली.

तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, तोराही नव्हता. डावा बूट डाव्या पायात घालायचा असतो हे आपण ज्या आवाजात सांगतो, तसा आवाज होता.

मी उठून गॅलरीत गेलो. "असं नाही करायचं बेटा. तो चौथा कप आहे ना, तो दे तिला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. नियम तर नीट पाळला होता, मग चुकलं काय, असा चेहरा. मग तिनं गॅलरीच्या कोपऱ्यातल्या चोकडीकडे, म्हणजे आमच्या भांडी घासायच्या मोरीकडे बोट केलं. चोकडीवरच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक कप पालथा घातलेला होता. पांढरा, निळ्या काठाचा, ओठाशी टवका उडालेला.

"मग तो?"

मी म्हणालो, "तो मासीला आवडतो म्हणून."

तिनं लगेच मान डोलावली. सहा वर्षांच्या मुलांचा बापावर फार विश्वास असतो. ती छोटीकडे वळली, झाकण तिच्यापुढे धरलं आणि गोड आवाजात म्हणाली, "तने आ गमे छे ने?" तुला हे आवडतं ना?

छोटी म्हणाली, "हा."

माझं खोटं वापरात यायला एक मिनिटही लागलं नाही.

&nbsp;

तो कप आमच्या घरात कधी आला हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण वेगळा कप कुणी दुकानातून विकत आणत नाही. सहाच्या सेटमधले पाच फुटतात, उरलेल्याचा टवका उडतो, आणि तो आपोआप चोकडीकडे जातो. कुणी ठरवत नाही, कुणी सांगत नाही. तेवढ्यापुरतं घरातल्या सगळ्यांचं एकमत असतं.

माझं लहानपण दांडिया बाजारातल्या जुन्या घरात गेलं. बडोद्यातल्या मराठी माणसांची बरीच बिऱ्हाडं तेव्हा त्याच भागात होती. आजीच्या राज्यात भांडीवाल्या बाईंसाठी जर्मनचा एक पेला होता. तो मागच्या पायरीवर असायचा, आणि आजी त्यात वरून, हातभर अंतर ठेवून चहा ओतायची. धार न सांडता ओतण्याचं तिचं कसब पाहायला मला आवडायचं. पुढे आईच्या हातात घर आलं. पेल्याचा कप झाला, पायरीवरून तो खिडकीच्या कट्ट्यावर आला, आणि आई वरून ओतत नसे. आमच्या घरातली ही प्रगती. मग आम्ही दांडिया बाजार सोडून फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा पितळेचे हंडे मोडीत गेले, पाट-चौरंग कुणाकुणाला दिले, आणि कप मात्र आला.

त्या दुपारी मला एक गोष्ट पहिल्यांदाच जाणवली. "या कपाला हात लावू नकोस" असं मला आयुष्यात कधीही कुणी सांगितलेलं नाही. तरी चाळीस वर्षांत माझा हात एकदाही त्या कपाकडे गेला नव्हता. घाईत पाणी प्यायला हाताशी येईल ते भांडं मी उचललं असेन, देवाचं तांब्याचं पंचपात्रसुद्धा एकदा उचलून बोलणी खाल्ली होती. तो कप कधी नाही. न सांगता शिकलेली गोष्ट अशी पक्की असते. तिला शब्द नसतात, त्यामुळे तिच्याशी वादही घालता येत नाही.

सांगितलेल्या गोष्टी आमच्याकडे पुष्कळ होत्या. संध्याकाळी शुभंकरोती होती, पाढे होते, मोठ्यांना नमस्कार होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला 'श्यामची आई' वाचून दाखवायची. मोळीवाल्या म्हातारीचा प्रसंग आला की तिचा आवाज भरून यायचा. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, हेही मला तिनंच सांगितलं. मग ती पदरानं डोळे पुसून उठायची, चार वाजलेले असायचे, आणि भांडीवाल्या बाईंचा चहा त्या कपात ओतायची. पुस्तक मी ऐकत होतो आणि कप मी पाहत होतो. दोन्हींतलं अधिक खोल काय गेलं, ते माझ्या लेकीनं भातुकलीत दाखवलं.

आईबद्दल हे लिहिताना हात अडखळतो, कारण ती कोत्या मनाची बाई नाही. मासींना डेंगी झाला तेव्हा आठ दिवस तिनं दोन्ही वेळचा डबा पाठवला. त्यांच्या नातवाच्या शाळेची फी दर जूनमध्ये ती स्वतःच्या पेन्शनीतून भरते. आणि मासींची जात कोणती हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही, असं आम्ही जरा अभिमानानंच सांगायचो. कुणी कपाबद्दल विचारलंच असतं, तर "स्वच्छतेचा प्रश्न आहे हो" हे उत्तर तयार होतं. आमचे सगळे कप त्याच हातांनी घासले जातात, त्याच हातांनी मांडणीवर लागतात, हे त्या उत्तरात कुठे बसतं, याचा विचार कुणी केला नव्हता.

सौराष्ट्राकडच्या माझ्या एका सहकाऱ्यानं मागे एकदा एक शब्द सांगितला होता: रामपातर. गावाकडे दलितांना चहा द्यायचा तो कप वेगळा ठेवलेला असतो, घराबाहेर, वळचणीला. त्याला रामपातर म्हणतात. रामाचं पात्र. मी तेव्हा हळहळलो होतो. काय क्रूर गोष्टीला काय गोड नाव दिलंय लोकांनी, असं म्हणालोही होतो. त्या बोलण्याच्या वेळी आमच्या कट्ट्यावरचा कप आणि मासी हा गोड शब्द, दोन्ही माझ्या घरात होतेच.

&nbsp;

भातुकलीच्या आधीच्या हिवाळ्यात मी लेकीला घेऊन कमाटीबागेत गेलो होतो. कागदोपत्री ती सयाजीबाग. जुने बडोदेकर अजून कमाटीबागच म्हणतात. तिथली छोटी आगगाडी झाली, म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा झाला, आणि मग मी तिला संकल्पभूमीकडे नेलं. बडोद्यात राहणाऱ्या बापानं मुलीला ही गोष्ट सांगितली पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं.

सहा वर्षांच्या मुलीला झेपेल अशी मी ती सांगितली. एक खूप हुशार मुलगा होता. आपल्या सयाजीराव महाराजांनी त्याला शिष्यवृत्ती दिली, १९१३ साली तो अमेरिकेला शिकायला गेला. शिकून परत आल्यावर १९१७ मध्ये तो महाराजांच्या नोकरीसाठी याच शहरात आला. पण इथे त्याला राहायला कुणी जागा देईना, कारण लोक त्याच्या जातीला हलकं समजायचे. ऑफिसातले शिपाई फायली त्याच्या टेबलावर लांबून टाकायचे. तिथे त्याला प्यायला पाणीसुद्धा मिळत नसे. शेवटी तो एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्याला तिथूनही काढलं. मग तो या बागेत येऊन बसला. एका वडाच्या झाडाखाली बसला होता असं इथले लोक सांगतात. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. पुढे त्यांनी आपल्या देशाची राज्यघटना लिहिण्याचं मोठं काम केलं.

"मग ते रात्री कुठे झोपले?" तिनं विचारलं.

"रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले."

"ज्यांनी काढलं ती माणसं वाईट होती?"

"हो," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो, आणि तिला फुगा घेऊन दिला.

भातुकलीच्या त्या रात्री मला ते "हो" आठवलं. सगळे झोपल्यावर मी कपाटातून आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढलं. छोटंसं आठवणींचं लेखन आहे, तासाभरात वाचून होतं. मी ते कॉलेजात वाचलं होतं आणि दर चौदा एप्रिलला त्याच्याबद्दल काही ना काही लिहीतही असे. धर्मशाळा आणि काठ्या मला आठवत होत्या. एक मधली जागा मात्र मी पार विसरलो होतो.

धर्मशाळा सोडायची वेळ आल्यावर आंबेडकर दोन मित्रांकडे जातात. पहिला हिंदू. त्याला सगळं ऐकून वाईट वाटतं, तो संतापतोसुद्धा. पण बोलता बोलता एवढंच म्हणून जातो, की तुम्ही माझ्याकडे राहायला आलात तर माझे नोकर काम सोडतील. आंबेडकर समजायचं ते समजतात. दुसरा ख्रिस्ती झालेला. तो म्हणतो, बायको उद्या गावाहून येतेय, तिला विचारावं लागेल. तेही त्यांना समजतं. गाडीला पाच तास असतात. ते कमाटीबागेत जाऊन बसतात.

मी पुस्तक मिटलं. काठ्या घेऊन आलेल्या लोकांत मी स्वतःला कधीच पाहिलं नव्हतं आणि आजही पाहत नाही. तो पहिला मित्र मात्र मला पुरता ओळखीचा वाटला. त्याचं दुःख खरं होतं, संतापही खरा होता. त्यानं "नाही" असा शब्दही उच्चारला नाही. नोकर नाही म्हणतील, एवढंच तो म्हणाला. दुसऱ्याच्या घरी बायको नाही म्हणणार होती. दोघांच्याही घरांत नाही म्हणणारं माणूस तिसरंच होतं.

आणि माझ्या घरात? बायको जागी होती. मी तिला दुपारचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तुला म्हणाले होते, हा कप काढून टाकूया. आठवतं?"

आठवत नव्हतं. खरं म्हणजे आठवत होतं.

"तू म्हणालास, आईला चालणार नाही. उगाच कशाला दुखवायचं. मग मीही सोडून दिलं. आता मीही त्याच कपात ओतते." तिनं कूस बदलली. "तुझ्या लेकीनं माझी नक्कल केली. तू तर चहासुद्धा करत नाहीस. तू नुसता पाहत होतास."

मी "हं" म्हणणार होतो. म्हणालो नाही.

&nbsp;

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मासी नऊला येतात. साडेआठला उठून मी चहा ठेवला. साखर कुठे असते हे मला विचारावं लागलं. आलं जास्त पडलं, दूध उतू गेलं, ओटा पुसावा लागला. लेक दारात उभी राहून बघत होती, जणू घरात सर्कस आली आहे. मी पाच कप काढले, आमच्या रोजच्या वापरातले, पिवळ्या फुलांचे. चार घरच्यांसाठी, म्हणजे लेकीचं दूध धरून, आणि पाचवा मासींचा.

मी मनात जो प्रसंग रंगवला होता तो घडला नाही. मासींनी आधी कट्ट्याकडे पाहिलं. तिथे कप नव्हता. तो मी सकाळीच उचलून कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवला होता. "मारो कप क्यां गयो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मासी, आता यातच प्या. त्यांनी फुलांचा कप हातात घेतला, उभ्या उभ्या दोन घोटांत संपवला आणि मागे वळून माझ्या बायकोला विचारलं, "भाईनी तबियत सारी छे ने?" तुमच्या यजमानांची तब्येत बरी आहे ना?

मग त्यांनी तो कप घासला आणि चोकडीवरच्या खिडकीच्या कट्ट्यावर, बरोबर जुन्या कपाच्या जागी, पालथा घातला.

तो मी उचलून मांडणीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी परत कट्ट्यावर. परत मांडणीवर. असं आठवडाभर चाललं. मला वाटत होतं की मी त्यांना काही देतोय. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांची एक ठरलेली गोष्ट मी काढून घेतली होती आणि बदल्यात रोज सकाळी एक अवघडलेपण दिलं होतं. त्यांना या शहरात चार घरं करायची असतात. चारही घरांतले कट्टे, कप आणि माणसांचे स्वभाव लक्षात ठेवायचे असतात. एका घरानं अचानक नियम बदलला तर उद्या तो परत बदलणार नाही कशावरून? आठव्या दिवशी कप त्यांनी स्वतःच मांडणीवर लावला. काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

जुना कप मी फेकणार होतो. तो कचऱ्याजवळ दिसला तेव्हा मासी म्हणाल्या, "नाखी ना देता." टाकू नका, पावडर काढायला चालेल. तो अजून चोकडीत आहे, भांड्यांच्या पावडरीच्या डब्यात. कपाच्या जन्माचं सार्थक म्हणावं तर तेच.

आईचं मात्र निराळं झालं. त्या पहिल्या रविवारी ती काही बोलली नाही. सोमवारी सकाळी तिनं मांडणीच्या वरच्या फळीवरून स्टीलचा एक पेला काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "मला यात दे. कपात गार होतो." तेव्हापासून तिचा चहा पेल्यात. तो पेला ती स्वतः विसळते आणि देवघराच्या कोपऱ्यात ठेवते. घरातला वेगळा कप गेला आणि वेगळा पेला आला.

पंधरा दिवस मी गप्प बसलो. मग एका संध्याकाळी ती भाजी निवडत असताना विचारलं, "आई, मासींना आपल्या कपात चहा दिलेला तुला चालत नाही का?"

"मी कधी म्हटलं चालत नाही?"

"मग इतकी वर्षं..."

"तुझ्या आजीला चालत नसे." तिनं मेथीची जुडी झटकली. "मी नवी होते तेव्हा मलाही विचित्र वाटलं होतं. पण म्हटलं, कशाला त्यांना दुखवायचं."

आजी जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. गेलेल्या बाईचं मन राखण्यासाठी तो कप कट्ट्यावर होता. आजीला कुणाचं मन राखायचं होतं, कोण जाणे. तिच्याही सासूचं असेल. असं एकेकाच्या मागे एकेक माणूस उभं आहे, आणि प्रत्येकजण मागे बोट दाखवतोय. त्या रांगेत माझ्या पुढे माझी लेक उभी होती. उद्या तिच्या घरी कप असता आणि कुणी विचारलं असतं, तर तिनं माझ्याकडे बोट दाखवलं असतं: बाबांना चालत नसे.

&nbsp;

आमच्या शहराला गुजरातेत संस्कारनगरी म्हणतात. सयाजीरावांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, गावोगाव ग्रंथालयं नेली. ते नाव काही फुकट मिळालेलं नाही. तरी त्याच महाराजांच्या कचेरीत एका विद्वानाला पाणी मिळालं नाही. हुकूम वरून खाली येतो आणि शिपायाच्या हातापाशी थांबतो, कारण तो हात घरी शिकलेला असतो. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता १९५० सालीच रद्द केली. आमच्या कट्ट्यापर्यंत यायला त्या कलमाला सत्तर वर्षांहून अधिक लागली, आणि तेही एका सहा वर्षांच्या मुलीनं औषधाच्या बाटलीचं झाकण आणलं म्हणून.

मी लेकीशी त्या दुपारबद्दल बोललो, पण फार नाही. एवढंच सांगितलं की तो कप मासींना आवडतो असं मी म्हणालो ते खोटं होतं. आपल्याकडे एक चुकीची सवय होती आणि ती सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी थाप मारली. तिनं विचारलं, "बाबा पण थापा मारतात?" मी म्हणालो, "मारतात." तिला या गोष्टीत कपापेक्षा जास्त रस वाटला. दोन-तीन दिवस ती माझं प्रत्येक वाक्य तपासत होती. फोनवर "निघालोच, रस्त्यात आहे" म्हटलं की घरातूनच मोठ्यानं ओरडायची, "थाप!" मला तीनदा खरोखर वेळेवर निघावं लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत भातुकली पुन्हा मांडली गेली. तेच तिघं. मी या वेळी उघडपणे दारात खुर्ची टाकून बसलो होतो. पप्पा झालेला मुलगा आता उभा होता, आणि त्याला मम्मी सांगत होती, "तू चहा करायचा. मग विचारायचं, साखर कुठे आहे? मग दूध सांडायचं." त्यानं दोन्ही कामं जीव ओतून केली. मासीला चौथा गुलाबी कप मिळाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात लेक उठली, आत आली, औषधांचा खण उघडला आणि तेच झाकण घेऊन गेली. ते तिनं बाहुलीपुढे ठेवलं.

"आजीचा वेगळा असतो," ती म्हणाली.

आई माझ्या मागेच उभी होती. हातात करंज्यांचा डबा. तिनं ऐकलं हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं. त्या वाजायच्या थांबल्या. मी मागे पाहिलं नाही. ती पुढे गेली, तिघांना करंज्या दिल्या, बाहुलीपुढच्या झाकणाकडे क्षणभर पाहिलं आणि आत गेली. पेला त्या दिवशीही होता, दुसऱ्या दिवशीही.

गेल्या जानेवारीत मी दोन दिवस सुरतेला गेलो होतो. परतलो तेव्हा लेक दारातच म्हणाली, "बाबा, काल आई पण लवकर गेली होती. आजीनं चहा केला. मासीला फुलांच्या कपात दिला."

"आणि आजीनं?"

"तिच्या पेल्यात."

मी बूट काढत होतो. "मासी उभ्या होत्या की बसल्या होत्या?"

तिला आठवावं लागलं नाही. "दोघी बसल्या होत्या. आजी खुर्चीवर, मासी खाली. मासी म्हणाली, बाचा चहा भाईच्या चहापेक्षा चांगला."

स्वयंपाकघरात आता दोन खुर्च्या आहेत. मासी अजून बसत नाहीत. घाई असते, पुढची तीन घरं असतात. चहा मीच करतो. साखर कुठे आहे ते विचारावं लागत नाही.